ओढ्याकडची बाजू

“आधी प्रकार सांगा.”

असं म्हणताना सर उजव्या हाताची दोन बोटं वर करायचे. एकदा कॉलेजच्या दारात शिपाई आणि टपरीवाला एकमेकांची गचांडी धरून उभे होते. मी धावत स्टाफरूममध्ये गेलो, म्हणालो, “सर, चला लवकर, मारामारी लागली.” सर खुर्चीतून हलले नाहीत. दोन बोटं वर. “आधी प्रकार सांगा. दोघांतच आहे, का मागून तिसऱ्याचा हात आहे?” तोवर तिकडं शिपायाचा शर्ट फाटून झाला होता.

असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. नसेल पाहिला तर सुखी आहात.

सर भोकरला आमच्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायचे आणि मी तिथंच प्रयोगशाळेत परिचर. म्हणजे बाटल्या धुणारा. शिवाय आमचं गाव एकच, हिमायतनगरच्या रस्त्याला, आणि शेतं लागून. त्यामुळं हा माणूस मला फळ्यापुढंही दिसला आणि शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावरही दिसला. फळ्यापुढचा बरा होता.

युद्ध हा सरांचा खास विषय. ‘युद्ध : प्रकार, कारणे, कायदे’ या त्यांच्या नोट्सच्या झेरॉक्स नांदेड-लातूरच्या अभ्यासिकांमधून फिरायच्या. दर रविवारी ते लातूरला एका अकॅडमीत शिकवायला जायचे आणि एरवी घरूनच मोबाइलवर लाइव्ह तास घ्यायचे. पारंपरिक युद्ध, गनिमी युद्ध, यादवी, छद्मयुद्ध, सायबर, ड्रोन, सगळं तोंडपाठ. जगात कुठं नवी लढाई लागली की सरांच्या चेहऱ्यावर तेज यायचं. तिकडं लेकरंबाळं मरून राहिली आणि हा माणूस नोट्समध्ये एक प्रकार वाढला म्हणून सगळ्यांना चहा पाजतोय! मला किळस यायची. चहा मात्र मी प्यायचो, हेही सांगून टाकतो.

कायदे शिकवताना सर रंगात यायचे. युद्धातही कायदा असतो, हे ऐकून पोरं पहिल्यांदा हसायची. मग सर शिपायाला बोलावून टेबलावर आडवं व्हायला लावायचे. “हा जखमी सैनिक. याच्यावर गोळी झाडता येते का? येत नाही. याची वाट अडवता येते का? येत नाही.” मग शिपायाच्या हातात पांढरा रुमाल द्यायचे. “आता समजा, हा जखमी नाहीच. सोंग घेऊन पडलाय. आपण जवळ गेलो की हल्ला करणार. याला काय म्हणायचं? याला म्हणायचं कपट. शत्रूला चकवणं ही युक्ती, ती चालते. जखमी असल्याचं सोंग घेणं हे कपट, ते चालत नाही. लिहून घ्या.” पोरं लिहून घ्यायची. शिपाई उठून पँट झटकायचा आणि जाता जाता माझ्याकडं बघून डोळा मारायचा.

सरांचे थोरले भाऊ किशनदादा. सातवीत शाळा सोडून औत धरलं आणि धाकट्याला एम.ए.पर्यंत शिकवलं. सरांना नोकरी लागली त्या आठवड्यात दादा पोतंभर भुईमुगाच्या शेंगा घेऊन कॉलेजात आले. सगळ्या स्टाफला ओंजळ ओंजळ वाटल्या. मग धाकट्याचा तास ऐकायचा म्हणून शेवटच्या बाकावर जाऊन बसले, टोपी मांडीवर ठेवून. तास संपल्यावर मला बाजूला घेऊन विचारलं, “काय शिकवून राहिला रं आमचा?”

“लढाई.”

“लढाई?” दादा खुळ्यासारखे हसले. “आमच्या घरात कुनी कोंबडं बी कापलं न्हाई आजवर. ह्याला कुठून आली लढाई?” पण खूश होते. बस येईपर्यंत त्या वर्गाच्या खिडकीपाशी उभे राहिले.

पुढं वाटणी झाली. रस्त्याकडचा तुकडा सरांना, मागचा ओढ्याकडचा दादांना. रस्त्याकडचा धाकट्याला द्या, त्याला घर बांधायचंय, असं दादाच म्हणाले. मागच्या शेताला जायची गाडीवाट सरांच्या तुकड्यातून. पंच म्हणाले, वाट कागदावर लिहून घेऊ. तर दादांनी हात जोडले. “सख्ख्या भावात वाट काय लिहायची? लोक थुंकतील तोंडावर.” आमच्याकडं ही रीतच आहे. दिशा लिहितात, झाडं लिहितात, विहिरीच्या पाण्याचे प्रहर लिहितात, वाट लिहीत नाहीत. लिहिली तर भावावर विश्वास नाही असं होतं. सरांनी तेव्हा मान डोलावली होती. मी तिथंच पंचांना पाणी देत होतो, मी पाहिलंय.

सर वर्गात सांगायचे, मूळ कारण वेगळं आणि तात्कालिक कारण वेगळं, तात्कालिक कारण नेहमी क्षुल्लक असतं. इथं तात्कालिक कारण होतं एक कुंडी. सरांनी रस्त्याला लागून स्लॅबचं घर बांधलं, पुढं त्यांच्या बाईसाहेबांनी लातूरहून आणलेली क्रोटनची कुंडी ठेवली. दादांच्या पोराच्या, बालाजीच्या, ट्रॅक्टरचं चाक लागून ती फुटली. बालाजी म्हणाला, “काका, दुसरी आनून देतो.” काका म्हणाले, “प्रश्न कुंडीचा नाही, सार्वभौमत्वाचा आहे.” बालाजीला शब्द कळला नाही. तो मला विचारायला आला, हे काय असतंय म्हणून. मी म्हणालो, चुलत्याचं डोकं फिरलंय, असा अर्थ आहे.

आठ दिवसांनी जेसीबी आला. रस्ता आणि ती वाट जिथं मिळतात तिथं सरांनी आडवा चर खोदला, पुरुषभर खोल, आणि दोन्ही अंगांना काटेरी तार. स्वतःचा ट्रॅक्टर न्यायचा असला की चरावर दोन लोखंडी फळ्या टाकायच्या. काम झालं की फळ्या परत पडवीत, साखळी घालून, कुलूप लावून. किल्ली करदोट्याला.

दादांनी तहसीलमध्ये अर्ज केला, तारीख पडली, तोवर ‘जैसे थे’ असा कागद आला. सर स्टाफरूममध्ये तो कागद दाखवत फिरले. “ही शस्त्रसंधी. आता कोणी चर बुजवला तर तो भंग ठरेल.” बालाजीनं एकदा रागानं चार टोपली माती लोटली, तर सर ठाण्यात तक्रार देऊन आले. सख्ख्या पुतण्याची! तेव्हापासून त्या चराला गावातला कोणीही हात लावेना.

मी एकदा धीर करून म्हणालो, “सर, हा वेढाच झाला की. तुम्हीच शिकवता, वेढा घातला तरी आतल्या माणसांची वाट अडवायची नाही.”

सरांनी दोन बोटं वर केली. “आधी प्रकार सांगा. वेढा म्हणजे चारी बाजूंनी. इथं ओढ्याकडची बाजू उघडी आहे. हा फार तर वाहतुकीवरचा निर्बंध.”

ओढ्याकडची बाजू! गुडघाभर चिखल, निसरडे दगड, पलीकडं चढ, आणि मग अर्धा कोस वळसा. सुमनवहिनी, म्हणजे दादांच्या कारभारीण, डोक्यावर भाकरीची पाटी घेऊन तिथून जायच्या-यायच्या. सरांना ती बाजू उघडी दिसायची, कारण सर तिकडं कधी गेले नव्हते.

आणि मी? माझं शेत दोघांच्या अंगाला. रस्त्यापासून दादांच्या धुऱ्यापर्यंत माझी जमीन सरळ लागून आहे. मी मनात आणलं असतं तर माझ्यातून वाट देता आली असती. पण सरांनी मला एकदा सगळ्यांसमोर सांगितलं होतं, “तुम्ही तटस्थ राष्ट्र. तटस्थांनी कोणाच्या फौजेला वाट द्यायची नसते.” स्टाफरूम हसली. बाटल्या धुणाऱ्याला राष्ट्र म्हटल्यावर मलाही बरं वाटलं. तेव्हापासून कोणी विचारलं की मी म्हणायचो, “आपण तटस्थ.” दुसऱ्याची लाज काढायला मी बसलोय खरा, पण माझीही काही कमी नाही.

त्या वर्षी सोयाबीन चांगलं आलं. दादांनी कापून गंजी लावली. आमच्याकडं कापल्यावर मळणीयंत्र चार दिवसांत आलं पाहिजे, नाहीतर परतीच्या पावसानं गंजीत बुरशी धरते. पण यंत्र येणार कुठून? ओढ्यातून ते चढत नाही. दादांनी बालाजीला चुलत्याकडं पाठवलं, फळ्या फक्त एक दिवस द्या म्हणून. सर म्हणाले, तारखेनंतर बघू. गंजी ताडपत्रीखाली बारा दिवस तशीच राहिली. रोज दुपारी पाऊस. उंदरं झाली. उंदरांमागं जे यायचं ते आलं.

कॉलेजला दिवाळीची सुट्टी होती. सकाळी दहाचा सुमार असेल. मी माझ्या तुरीत होतो. बालाजीची हाक आली, “काका, पळा! दादाला पान लागलं!” गंजीला वारा द्यावा म्हणून दादांनी ताडपत्री उचलली आणि नागानं मनगटाला धरलं. मी गेलो तेव्हा दादा बाजेवर बसले होते. शुद्धीत होते. म्हणाले, “काय न्हाई रे, जरासं झालं.” वहिनी त्यांचा हात धरून होत्या. बालाजीनं फोन करून गावातली पिकअप बोलावली होती, ती चराच्या अलीकडं, रस्त्यावर येऊन उभी होती.

बालाजी आणि सालगडी बाज उचलायला लागले. मीच म्हणालो, “थांबा. हलवू नका, इख चढंल. मी फळ्या घेऊन येतो, गाडी इथवर आणू.” हे मीच म्हणालो. वहिनींनी माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाल्या, “जा भावजी, पळा.”

मी पळालो. सर आतल्या खोलीत होते. पुढं गोल दिवा, मोबाइल स्टँडला लावलेला. लातूरच्या पोरांचा लाइव्ह तास, ‘युद्धाची आर्थिक कारणे’. मी दारातून हात हलवले. सरांनी तळहात दाखवला, थांबा म्हणून. मी थांबलो. का थांबलो ते विचारू नका, वीस वर्षं त्या माणसापुढं थांबायची सवय होती. त्यांनी तिसरं कारण संपवलं, चौथं सांगितलं, मग पोरांना म्हणाले, दोन मिनिटं प्रश्न वाचून ठेवा.

“सर, दादांना पान लागलंय. फळ्या द्या, गाडी उभी हाय.”

सरांचा चेहरा क्षणभर पांढरा पडला. हे मी पाहिलं, म्हणून सांगतो. पण लगेच त्यांनी डोळे बारीक केले. “आज? तारखेला पाच दिवस राहिले असताना?”

“सर, नाग हाय.”

“तुम्ही पाहिला?”

“मी कुठून पाहू? दादांच्या मनगटाला दात उमटलेत.”

“म्हणजे पाहिला नाही.” दोन बोटं वर. “हे बघा, एकदा फळ्या टाकल्या, गाडी आत गेली, की फोटो काढतील. वहिवाट सिद्ध. पाठोपाठ मळणीयंत्र आत. वकिलानं शिकवलेलं असणार. जखमी असल्याचं सोंग घेऊन वाट मागणं, याला काय म्हणतात, तुम्ही तर माझे तास ऐकलेत.”

मी त्यांची गचांडी धरायला पाहिजे होती. करदोटा तोडून किल्ली घ्यायला पाहिजे होती. मी काय केलं? मी “सर, सर” करत राहिलो. भिकाऱ्यासारखा.

शेवटी म्हणाले, “चला, मी स्वतः येऊन बघतो. पुरावा पाहिजे.” स्टँडवरून मोबाइल काढला. चप्पल घातली. चष्मा पुसला.

आम्ही चरापाशी आलो तोवर तिकडं बालाजीचा आणि वहिनींचा धीर संपला होता. बाज घेऊन ते चरापर्यंत आलेच होते. चरात कमरेइतकं पावसाचं पाणी. बालाजी पाण्यात उतरला, बाजेचे पुढचे खूर डोक्यावर घेतले. सालगड्याचा पाय घसरला, बाज कलली, वहिनी तारेत हात घालून बाज धरत होत्या. मी पलीकडं उडी घेतली. आणि सर अलीकडच्या काठावर मोबाइल धरून उभे. शूटिंग करून राहिले होते.

दादांच्या पापण्या मिटत आल्या होत्या. जीभ जड झाली होती. त्यांना धाकटा दिसला असावा, कारण त्यांनी हात वर केला. बोलावत होते, का मोबाइल खाली ठेव म्हणत होते, कोणाला ठाऊक? सरांचा हात मग खाली आला. करदोट्याची किल्ली चाचपत ते पडवीकडं धावले. साखळी ओढल्याचा आवाज आला, एक फळी फरफटत आणल्याचा आवाज आला. तोवर बाज गाडीत चढली होती. गाडी गेली. सर अर्ध्या रस्त्यात फळी धरून उभे राहिले.

दादा दवाखान्यापर्यंत पोचले नाहीत.

आणि आता ती गोष्ट, जी मी गावात सांगत नाही. पिकअप उभी होती तिथून दादांच्या धुऱ्यापर्यंत मधे फक्त माझी तूर होती. फुलात आलेली. जमीन वरच्या अंगाची, मुरमाड, गाडी रुतली नसती. तूर आडवी झाली असती, एवढंच. लोक म्हणतात, गडबडीत सुचलं नसेल तुम्हाला. मी हो म्हणतो. सुचलं होतं. सरांच्या दारात तळहात बघत उभा होतो तेव्हाच सुचलं होतं. वाटलं, सर देतीलच फळ्या, उगाच तूर कशाला मोडायची.

आमच्याकडं माणसाला त्याच्या शेतातच अग्नी देतात. सरांनी सकाळीच चरावर दोन्ही फळ्या टाकल्या, वर पोती अंथरली, पाणी शिंपडलं आणि हात जोडून बाजूला उभे राहिले. गावात दादांच्या दारात तिरडी उचलायच्या वेळी वहिनी पुढं आल्या. रडत नव्हत्या. बालाजीला म्हणाल्या, “ओढ्याकडून न्या.”

कोणी म्हातारा म्हणाला, “बाई, वाट दिलीय आता त्यानं.”

“ज्याला पायजे होती त्याला दिली न्हाई. ओढ्याकडून न्या.”

सगळा गाव ओढ्यात उतरला. सर फळ्यांपाशी वाट बघत उभे होते. तिरडी वळली हे लक्षात आल्यावर स्वतःच्या रानातून, स्वतःच्याच तारेत धोतर फाडून घेत ते ओढ्याकडं पळाले. ओढा त्यांनी बहुतेक त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. चिखलात दोनदा पडले. बालाजीनं त्यांना खांदा द्यायला नको म्हटलं नाही, पण जागाही करून दिली नाही. शेवटी सर तिरडीच्या मागं, पोरासोरांत, हात पुढं करून चालत राहिले.

महिन्याभरानं सर मला प्रयोगशाळेत भेटले. बाटल्यांकडं बघत म्हणाले, “माझ्यावर कुठलंच कलम लागत नाही. मी सगळं तपासलं.” मी म्हणालो, “हाव सर, लागत न्हाई.” मग तेच पुन्हा बोलले, हळू आवाजात, “तो हात हलवून राहिला होता. म्हणून मला वाटलं, बरा हाय.” इतक्या वर्षांत सरांच्या तोंडून गावची बोली मी पहिल्यांदा ऐकली. तो व्हिडिओ अजून त्यांच्या मोबाइलमध्ये आहे. पुसता येत नाही म्हणाले.

आता सर इथं नाहीत. भोकरची नोकरी सोडून लातूरला गेले, त्या अकॅडमीत. तिथं चौकात त्यांचा मोठा फोटो लागलाय, दोन बोटं वर केलेला. माझा भाचा तिथं शिकतो. तो सांगतो, सर सगळं शिकवतात, फक्त जखमींच्या कायद्यापाशी आले की म्हणतात, हे घरी वाचा. पोरांना वाटतं, परीक्षेला येत नसेल.

जाण्याआधी सरांनी चर बुजवला, तार काढली, मुरूम टाकून वाट पक्की केली आणि ती कागदावरही लिहून दिली, तलाठ्यासमोर. रस्त्याकडच्या घराला कुलूप आहे. दर शनिवारी मला फोन येतो. ना नमस्कार, ना खुशाली. एकच प्रश्न, “वहिनी वाटेनं गेली का?”

“न्हाई सर.”

“कारण काही बोलली?”

मी फोन ठेवून देतो. कारण पाहिजे याला!

परवा पेरणीच्या वेळी मीही एक केलं. रस्त्यापासून दादांच्या धुऱ्यापर्यंत गाडीभर रुंदीची पट्टी पेरलीच नाही. मोकळी ठेवली. वहिनी रस्त्यानं आल्या, डोक्यावर पाटी. मी पुढं होऊन म्हणालो, “वहिनी, हिकडून जात जा. ही वाट तुमचीच समजा.”

त्यांनी पट्टीकडं पाहिलं. माझ्याकडं पाहिलं. रागावल्या नाहीत, काही नाही. “यंदा तूर कमी पेरली का भावजी?” एवढं विचारलं, आणि पुढं जाऊन लुगड्याचा काचा वर खोचून ओढ्यात उतरल्या.